दोनशे मिलिग्रॅम

सोहारच्या बंदर रस्त्यावर
पेट्रोलपंपाला लागून आमचं औषधाचं दुकान.
दुपारी एक ते चार शटर अर्धं खाली,
बाहेर ऊन असं
की उभ्या गाडीचं स्टिअरिंग हाताला चावतं.

डावीकडचं कपाट, खालून दुसरा खण:
कार्बामाझेपिन.
खोक्यावर लिहिलंय, अपस्मारासाठी.
खोक्यावर सगळं मावत नाही.

खमीसकाका येतात डोक्याचं मुसर गालावर ओढून.
त्यांना आकडी कधीच आली नाही.
फक्त डाव्या गालाला वारा शिवला
की दाढेपासून कानापर्यंत
कोणीतरी तापलेली तार ओढतं.
चार दात उपटून झाले, दुखणं दातांत नव्हतंच.
साठ वर्षं समुद्रावर काढलेला माणूस
आता पंख्याला घाबरतो.
मी आधी एसीची झडप वळवते,
मग सलाम करते.

ब्लेसी टीचरला तीच गोळी.
मागच्या रमजानात तिनं तीन रात्रींत
अख्खं गॅदरिंग लिहून काढलं,
कर्ज काढून अठरा पडदे घेतले.
घराला खिडक्या चार.
मग दोन महिने अंथरुणातून उठली नाही.
म्हणते, मी पडते ते नंतर गं,
आधी उडते.

लोक विचारतात, एकच गोळी सगळ्यांना कशी?
मी सांगते, नसांमधून वीज धावते,
तिच्या वाटेवर बारीक दारं असतात,
ही गोळी त्या दारांना म्हणते, जरा दमानं.
गालाची नस काय, मेंदू काय.
मनाचं विचाराल तर
तिथे पुस्तकंही गुळमुळीत बोलतात,
मीही.

हरकबहादूर आला तेव्हा साडेनऊ झालेले.
बंदरावर क्रेन चालवायचा.
चिठ्ठी खरी होती, डॉक्टरचा शिक्का होता,
तरी इकडेतिकडे बघत म्हणाला,
दीदी, इसपे विटामिन लिख दो.

कॅम्पात एका खोलीत आठजण.
रात्री अंग वाकडं झालं तेव्हा
एकानं मुठीत किल्ल्या कोंबल्या,
एकानं नाकाला बूट लावला,
एकानं दातांत चमचा घातला.
पुढचा दात अर्धा गेलेला,
चांगल्या मनानं मोडलेला.

दर्यापूरच्या शाळेत प्रार्थनेच्या रांगेत
निरंजना गावंडे पडली होती.
शिपायानं वहाण काढून हुंगवली.
घरच्यांनी आयुष्यभर त्याला चक्कर म्हटलं,
तिच्या लग्नात मीही म्हटलं.
सासरी कळू नये म्हणून
दिवस गेल्यावर तिनं गोळ्या बंद केल्या,
कोणालाच न विचारता.
पुढचं मी लिहीत नाही.

मी विटामिन लिहिलं नाही.
लिहिलं ते सगळं खरं:
सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर.
अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी दवाखाना.
एकही चुकवू नको, एकदम सोडू नको.
आणि उंचावर चढू नको, हे तोंडानं सांगितलं.
तो म्हणाला, वर सत्तर रियाल जास्त मिळतात.
पाकीट काउंटरवर ठेवून निघून गेला.
घरी जाऊन मी भाताला कुकर लावला
आणि शिट्ट्या मोजायला विसरले.

सकाळी शटर उघडायच्या आधी तो पायरीवर बसलेला.
पाकीट नेलं.
मग कितीतरी दिवस आलाच नाही.
मी कंटेनर यार्डावरून जाताना
मान वर करून बघायचं टाळलं.

थंडी लागल्यावर आला.
अंगात वेगळ्या रंगाचा डगला,
आता स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजतो.
कोणाला सांगितलं, कसं सांगितलं,
मी विचारलं नाही.
पगार?
कमी.
सुटे पैसे उचलताना म्हणाला,
वरून जहाजं दिसायची. खालून नुसत्या पत्र्याच्या भिंती.

मी दोन महिन्यांच्या गोळ्या मोजल्या.
नवं लेबल लिहिताना त्यानं काचेवर बोट टेकवलं.
मागच्या वेळी त्याच्या नावातलं एक अक्षर
मी गाळलं होतं.